मामांचा उजवा डोळा

माझे मामा रंग बघताना डावा डोळा मिटतात. दोरा रंगवण्याच्या कारखान्यात त्यांना ही सवय लागून एकेचाळीस वर्षं झाली. त्यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांनी सांगितलं होतं म्हणे, की दोन डोळे म्हणजे दोन पंच. एकाला गप्प बसवल्याशिवाय निकाल लागत नाही. मामांनी डाव्याला गप्प बसवलं ते कायमचं. इतकं, की त्यांच्या डाव्या डोळ्याखाली उजव्यापेक्षा तीन सुरकुत्या जास्त आहेत. मामी पाहुण्यांना त्या मोजून दाखवते.

कारखाना म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. खाली रंगाच्या चार टाक्या, मधल्या मजल्यावर मालकांची खोली आणि माझं कोठार, वर गच्चीवर लडी वाळवायच्या दांड्या. कपडे शिवणाऱ्या कंपन्यांना लागणारा दोरा आम्ही रंगवतो. कापड त्यांचं असतं, आणि आमचा दोरा त्या कापडात असा मिसळायला हवा की शिवण शोधून सापडू नये. शिवण दिसली की अख्खा लॉट परत. म्हणजे आमचं काम चांगलं झालं तर ते कोणालाच दिसत नाही, आणि बिघडलं तर सगळ्यांना दिसतं. असल्या धंद्यात माणूस तिरसट न झाला तरच नवल. मामा झाले. मी तर आधीपासूनच होते.

कामाची पद्धत अशी. टाकीला उकळी आली की मामा लडीचं एक टोक ओढून काढतात, गरम पाइपावर वाळवतात आणि वर माझ्या कोठारासमोरच्या, उत्तरेकडच्या खिडकीशी येतात. ट्यूबलाइटवर त्यांचा विश्वास नाही. ‘ट्यूबलाइट खोटं बोलते,’ असं ते अशा सुरात म्हणतात, की ऐकणाऱ्याला वाटावं, तिने यांना लग्न ठरवताना फसवलं असणार. खिडकीशी उभं राहायचं, डावा डोळा मिटायचा, दोरा नाकासमोर धरायचा आणि मान न वळवता म्हणायचं, “लाल, तीन.” म्हणजे लाल पूड तीन ग्रॅम. ती मी कोठारात मोजायची, गरम पाण्यात विरघळवायची आणि टाकीत ओतायची. दहा मिनिटांनी पुन्हा दोरा, पुन्हा खिडकी. “पिवळा, एक.” आणि मग कधीतरी, “बसला.” हा शब्द कानावर पडला की सगळे चहाला सुटतात.

यातलं काही लिहायचं नाही, हा मामांचा नियम. लिहिलं की चोरीला जातं, असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम नमुन्यांचा. आमच्या नेहमीच्या बावीस रंगांचे नमुने मालकांच्या कपाटात एका पुठ्ठ्यावर चिकटवलेले आहेत. मामा तो पुठ्ठा बघत नाहीत. त्यांना रंग पाठ आहेत. नवा नमुना आला तर एकदाच बघतात. ज्याला दुसऱ्यांदा बघावं लागतं त्याने रंगात हात घालू नये, भाजी निवडत बसावं, असं ते म्हणतात. पाठ असलेल्या रंगांना त्यांनी नावंही दिली आहेत. पावसाळी ढगासारखा करडा म्हणजे ‘सोमवार’. पांढऱ्यात जेमतेम पिवळा उतरलेला तो ‘मालकांचं हसू’. आणि शाळेच्या गणवेशाला लागणारा, लाल आणि काळ्याच्या मधला मरून, त्याचं नाव ‘मामीचा राग’. “मामीचा राग अजून चढला नाही, लाल तीन,” असं ते ओरडले की खालचे टाकीवाले खूश होतात.

मी तराजूवर बसले त्याला सतरा वर्षं झाली. मामांनीच बसवलं. सगळा कारखाना मला ‘भाची’ म्हणतो, साठीचे वॉचमनसुद्धा. मामा जे बोलतील ते मोजायचं, एवढंच माझं काम. स्वतःचं डोकं लावायचं नाही. हे सगळं आधी सांगतेय, कारण पुढे मी काय केलं ते यावाचून कळणार नाही. कळल्यावरही तुम्ही मला शहाणी म्हणाल असं नाही.

त्या महिन्यात तापाची साथ आली. चार दिवस अंग फणफणायचं, सांधे धरायचे, अंगावर पुरळ उठायचं, मग आठवडाभर माणूस भिंत धरून चालायचा. टाकीवाले एकामागून एक पडले. मामाही आठ दिवस झोपून होते. त्याच दिवसांत डोळ्यांचीही साथ चालू होती. पॅकिंगच्या निम्म्या बाया लाल, चिकट डोळे पुसत कामाला येत होत्या. मामा कामावर परतले तेव्हा शर्टात माणूस आहे की नुसता हँगर, असा प्रश्न पडावा इतके वाळले होते. पण खिडकीशी उभे राहिले, डोळा मिटला आणि “पिवळा, दोन” म्हणाले. आम्हाला हायसं वाटलं.

दहाबारा दिवस बरे गेले. मग एका सकाळी ते कपाळ चोळत म्हणाले, “उजवीकडे बघितलं की डोळ्याच्या मागून कळ येतेय.”

“अशक्तपणा असेल,” मी म्हटलं. ताप येऊन गेल्यावर जे काही होईल त्याला आम्ही अशक्तपणाच म्हणतो.

त्याच दिवशी मामीचा राग टाकीत होता. मामांनी लाल तीन मागितला. मग दोन. मग पुन्हा तीन. माझ्या हाताला ते जास्त वाटलं; मरूनला कधी दुसऱ्यांदा लाल लागत नाही. पण डोकं लावायचं नाही, हा नियम. मी ओतत गेले. चौथ्या दिवशी लॉट परत आला. कंपनीने चिठ्ठी लावली होती, दोरा कापडापेक्षा भडक.

मालकांनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. टेबलावर नमुन्याचा पुठ्ठा आणि शेजारी परत आलेली लडी. आंधळ्यालाही कळावं इतका फरक होता. मालक स्वभावाने मऊ आहेत. ते मामांकडे न बघता पेपरवेटकडे बघत बोलले, “मास्तर, हे कसं झालं?”

मामांनी पुठ्ठ्याकडे बघितलंच नाही. पुठ्ठा बघायचा नाही ना! ते माझ्याकडे वळले. “मी एकदा तीन आणि एकदा दोन मागितला. हिने जास्त ओतला असणार. हात जड झालाय हिचा.”

“तीनदा मागितलात,” मी म्हटलं.

“दोनदा.”

“मामा, तीनदा. तीन, दोन, तीन.”

“मग मी खोटं बोलतोय?”

लिहिलेलं काही नव्हतंच. मी तराजू वजनं लावून तपासला. बरोबर होता. दुसऱ्या तराजूवर तपासला. तोही बरोबर. सतरा वर्षांत माझ्या हाताला कोणी नावं ठेवली नव्हती, आणि ठेवली ती कोणी, तर ज्यांनी मला तराजूवर बसवलं त्यांनी, तेही मालकांसमोर. संताप आला. पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी वळवळत होतं. खरंच दोनदा तर नसेल? मीच तर चुकले नसेन? दिवसभर मी ती दुपार डोक्यात उलटसुलट करून पाहिली आणि संध्याकाळपर्यंत माझी मलाच खात्री उरली नाही.

मी निघाले तेव्हा मालक जिन्यात भेटले. हळूच म्हणाले, “भाची, रंग वाचणारं यंत्र मिळतं हल्ली. दोरा ठेवला की आकडे सांगतं. मास्तरांचं वय झालं. तापाने खचलेतही. अजून एकदोन लॉट असे गेले, तर मला विचार करावा लागेल.”

मामांना खिडकीवरून उठवणार. त्या खिडकीवाचून मामा म्हणजे काय? घरी त्यांना साधा दिवा लावता येत नाही.

पुढच्या मरूनच्या लॉटला मामा म्हणाले, “लाल, तीन.” मी कोठाराच्या दारातून त्यांच्या हातातला दोरा बघितला. मला तो एका ग्रॅमवर आलेला दिसला. फार तर एक. मी तराजूशी गेले, एक ग्रॅम लाल घेतला आणि वर दोन ग्रॅम मीठ टाकलं. मीठ टाकीत लागतंच, त्याने काही बिघडत नाही. विरघळवलं, ओतलं. दहा मिनिटांनी मामा म्हणाले, “चढत नाहीये. लाल, दोन.” मी नुसतं मिठाचं पाणी ओतलं. “अजून एक.” पुन्हा मीठ. चौथ्यांदा मागायची त्यांनाच लाज वाटली असावी. दोरा खिडकीत धरून ते बराच वेळ उभे राहिले आणि पडलेल्या आवाजात म्हणाले, “बसला म्हणा.”

लॉट गेला आणि पास झाला.

मी काय केलं होतं? मामांचं नाव वाचवलं होतं, की त्यांच्या पाठीमागे त्यांच्या कामात हात घातला होता? खरं सांगायचं तर दोन्ही. आणि वर थोडी मजाही वाटली होती, हेही लपवत नाही. माझा हात जड म्हणालात ना? घ्या हलका! पण मामांचा तोंडावर केलेला आरोप तेव्हा खोटा होता आणि आता मी तो स्वतःच्या हाताने खरा करून ठेवला होता. मास्तर सांगतील ते न मोजणारी मापारीण. याला काय म्हणायचं, मला अजून कळलेलं नाही.

असे चार लॉट गेले. मरून, वीटकरी, पुन्हा मरून, मग एक गुलाबी. चारही पास झाले. आणि पास झाल्याचा निरोप आला की मामांचा चेहरा उतरायचा. हे मी पहिल्यांदाच बघत होते.

“पास झाला?” ते विचारायचे. “तो फिका लॉट? त्यात रंगच नव्हता!”

“झाला ना.”

“मग त्यांचं कापड फिकं असेल.”

त्यांनी लाल पुडीचा डबा हुंगला. पुडीत दम नाही म्हणाले. पूड पुरवणाऱ्याचा माणूस बोलावला. तो बिचारा कंपनीचा दाखला घेऊन आला, मामांसमोर पेलाभर पाण्यात चिमटीभर लाल टाकला आणि म्हणाला, “बघा मास्तर, रक्तासारखा आहे.” मामांनी डावा डोळा मिटून पेला धरला. तो गेल्यावर मला म्हणाले, “तुला कसा दिसला?”

“लाल,” मी म्हटलं.

“कसला लाल?”

“लाल म्हणजे लाल, मामा.”

ते पेल्याकडे बघत राहिले. “मला कळेनासं झालंय गं,” ते म्हणाले. “लोक बरोबर म्हणतात ते मला चूक दिसतंय. माझं डोकं तर फिरलं नाही ना?”

त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. पण मला वाटत होतं, वय आहे, ताप आहे, आज ना उद्या उतरेल. डोळा असेल, असं माझ्या डोक्यात का आलं नाही, याचा मी पुढे फार विचार केला. आलं नाही, कारण डोळा दिसायला स्वच्छ होता. ना लाली, ना पाणी. आमच्याकडे पॅकिंगच्या बायांचे टोमॅटोसारखे डोळे होते. डोळा बिघडला म्हणजे तो तसा दिसतो, एवढंच आम्हाला ठाऊक.

मामांनी एकदा तक्रार केली की अक्षरं मधूनच विरल्यासारखी दिसतात. चष्मेवाल्याने वाचायच्या चष्म्याची काच बदलून दिली. उपयोग शून्य. कळ येते म्हटल्यावर मामीने ठरवलं की डोळे येणार, साथच आहे. औषधवाल्याने थेंब दिले. मामा स्वतः थेंब घालायचे नाहीत; म्हणून मामी रोज दुपारी डबा आणि थेंब घेऊन कारखान्यात यायची आणि त्यांना गच्चीवर उजेडात बसवून डोळ्यात थेंब टाकायची. सगळ्या बाया बघायला जमायच्या. मामा लहान मुलासारखे मान हलवायचे.

एके दिवशी सकाळी पाचवा लॉट निघाला होता, तोही मीच मीठ टाकून जुळवलेला. मामीचा राग. मामांनी तो “बसला म्हणा” असं म्हणून सोडला होता आणि लडी गच्चीवर दांडीवर वाळत होत्या. मामीने उजव्या डोळ्यात थेंब टाकले, वर कापसाचा बोळा ठेवला. “धरून ठेवा. दोन मिनिटं उघडायचा नाही.”

मामा बोळा धरून बसले. समोर लडी होत्या. बराच वेळ ते बघत राहिले आणि एकदम म्हणाले, “हा कोणता लॉट?”

“तुमचाच. सकाळचा,” मी म्हटलं.

“शक्यच नाही. हा तर बरोबर आहे!”

“अहो, तुमचाच म्हणतेय ना ती,” मामी म्हणाली.

“सकाळचा फिका होता. कोणी बदलला?” ते उठले, बोळा पडला, लडीपाशी गेले. सवयीने डावा डोळा मिटून लडी नाकासमोर धरली. आणि थांबले. डोळा उघडला. मग उजवा मिटला. पुन्हा डावा. मामीला वाटलं डोळ्यात काही गेलं. बाया हसायला लागल्या.

“एकच लडी आहे ना ही?” त्यांनी मला विचारलं. “माझ्या हातात एकच आहे ना?”

“एकच आहे.”

“मग दोन रंग कसे?” ते म्हणाले. “या डोळ्याने मरून आहे. या डोळ्याने... राख टाकल्यासारखा आहे. धुतलेला. यात लालच नाही.”

मला सगळं एका क्षणात समजलं, आणि समजून काही उपयोग नव्हता. एकेचाळीस वर्षं ज्या डोळ्याने निकाल दिला तोच आजारी होता, आणि जो धडधाकट होता त्याला यांनी गप्प बसवून ठेवलं होतं. दोन डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाला कदाचित आधी कळलं असतं. आणि पुठ्ठा बघणाऱ्यालाही. मामा आठवणीतल्या लालशी ताडून बघत होते, आणि आजारी डोळ्याला कुठलाच लाल तिथवर पोचताना दिसत नव्हता. म्हणून ते मागत होते. लाल, तीन. लाल, दोन. लाल, एक.

मी त्यांना तसंच जिन्यावरून उतरवलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. मामी डबा हातात धरूनच मागून आली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर टॉर्च मारला. अक्षरं वाचायला लावली. डाव्याने मामा शेवटची ओळ घडाघडा वाचून गेले. उजव्याने तिसऱ्या ओळीवर अडले. मग रंगीत ठिपक्यांचं पुस्तक आलं. त्यात ठिपक्यांत लपलेले आकडे ओळखायचे असतात. उजव्या डोळ्याला एकही आकडा सापडला नाही. शेवटी बाईंनी टेबलावरच्या बाटलीचं लाल झाकण काढून समोर धरलं.

“आजोबा, डाव्याने बघा. हा शंभर टक्के लाल धरू. आता उजव्याने बघा. किती टक्के?”

मामांनी झाकण हातात घेतलं आणि सरळ उठून खिडकीशी गेले. डॉक्टरीणबाई बघतच राहिल्या. “पस्तीस,” ते म्हणाले. “आणि वर करडा पडलाय. ही तुमची ट्यूबलाइटही जरा खोटं बोलते, पण तेवढा फरक तिचा नाही.”

बाई हसल्या. मग डोळ्यात थेंब घालून आतून तपासणी झाली. त्यांनी समजावलं ते असं. ताप विषाणूचा होता. विषाणू गेला, पण त्याच्याशी लढायला उठलेलं शरीर अजून शांत झालेलं नाही, आणि ते आता स्वतःच्याच नसेवर उठलंय. डोळ्यामागची नस सुजली आहे. बाहेरून डोळा छान दिसतो, पण नस निरोप नीट पोचवत नाही, आणि अशा वेळी लाल रंग आधी उतरतो. “कधीपासून आहे हे?”

“फिकं दिसायला लागून वीसएक दिवस,” मामा म्हणाले. मग घुटमळले. “पण तसं नसेल. पहिला लॉट परत आला, तेव्हा बिघडला असेल. नंतरचे चार पास झाले. म्हणजे मधे डोळा ठीक होता. आज पुन्हा बिघडला.”

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “मधे ठीक होता? नक्की? कारण येतं आणि जातं असं असेल तर हा आजार वेगळा असू शकतो. मग मला दुसऱ्या दिशेने तपासण्या कराव्या लागतील.”

“चार लॉट पास झालेत,” मामा म्हणाले. “कंपनीच्या चिठ्ठ्या आहेत.”

मामी माझ्याकडे बघत होती. तिला काही माहीत नव्हतं, पण माझा चेहरा तिला दिसत होता. मला पळून जावंसं वाटलं. सांगितलं तर मामा मला पुन्हा तराजूपाशी उभं करणार नाहीत. कदाचित दारातही. न सांगावं, तर बाई कागदावर चुकीचं लिहिणार, आणि त्या चुकीवर माझ्या मामांच्या डोळ्याचं औषध ठरणार.

“मधे ठीक नव्हता,” मी म्हटलं. “ते लॉट मी जुळवले.”

मी खाली बघून सगळं सांगितलं. एक ग्रॅम, दोन ग्रॅम मीठ, मिठाचं पाणी. डॉक्टरीणबाईंना अर्ध्या गोष्टी कळल्या नसतील, पण एवढं कळलं की डोळा वीस दिवस सलग बिघडलेला होता. त्यांनी तसं लिहिलं. मामा झाकणाकडे बघत होते. अजून ते त्यांच्या हातातच होतं.

“लवकर आलो असतो तर?” मी विचारलं.

“औषध लवकर सुरू झालं असतं,” बाई म्हणाल्या. “नजर बहुतेकांची परत येते. औषधाने लवकर येते. रंग पूर्ण येईल की नाही, ते मात्र तेव्हाही सांगता आलं नसतं, आणि आताही येत नाही.”

म्हणजे माझ्यामुळे काही बिघडलं की नाही, हेही कोणी सांगणार नव्हतं. मला सरळ शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

डोक्याचा फोटो काढला, रक्त तपासलं. तीन दिवस सकाळी हाताला सलाईन लावून औषध, मग गोळ्या. तिन्ही दिवस मी मामांशेजारच्या स्टुलावर बसले. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून होते. दुसऱ्या दिवशी मामी आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, “दोघं सारखे आहात. हट्टी.” आणि पाणी आणायच्या निमित्ताने गेली ती तासभर आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मामांनी छताकडे बघत विचारलं, “वीटकरीला किती दिलास?”

मी दचकले. “तुम्ही चार मागितलात. दीड दिला.”

“गुलाबीला?”

“काहीच नाही. नुसतं मीठ.”

“हं.” थेंब नळीतून पडत होते. “पुठ्ठा बघितलास?”

“पुठ्ठा मालकांच्या कपाटात.”

“मग?”

“आठवणीने,” मी म्हटलं.

त्यांनी मान वळवली. तीन दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. “माझा लॉट आणि माझ्या नाकाखाली,” ते म्हणाले. “मला वेड लागलं असं वाटून मी मरत होतो, आणि तू मीठ टाकत होतीस.”

“चुकलं, मामा.” मी रडत होते. ते पुन्हा छताकडे बघायला लागले. क्षमा केली की नाही, मला कळलं नाही.

दीड महिना गेला. कळ थांबली. अक्षरं जुळून आली. शेवटून दुसरी ओळ वाचता येऊ लागली. लाल मात्र पूर्ण चढेना. पंच्याऐंशी, मामा म्हणाले, आणि वर हलका करडा. कदाचित वर्षभरात अजून येईल. कदाचित एवढाच. मालकांनी यंत्राबद्दल कुठे विचारपूस चालवलीय, हेही आमच्या कानावर होतं.

मामा कामावर आले त्या सकाळी टाकीत मरूनच होता. मी कोठारात उभी होते. मला तिथे उभं राहायची परवानगी आहे की नाही, हे मी कोणाला विचारलं नव्हतं. त्यांनी दोरा ओढला, पाइपावर वाळवला, खिडकीशी गेले. डावा डोळा मिटला. मग उघडला. उजवा मिटला. पण डाव्याला निकाल द्यायची सवयच नाही. एकेचाळीस वर्षांत त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही उघडले. खालचे टाकीवाले वर बघत होते. ‘मामीचा राग’ कोणीच म्हणेना.

“इकडे ये,” मामा म्हणाले.

मी गेले. त्यांनी दोरा माझ्या हातात दिला आणि मला खिडकीत सरकवलं.

“मामा, कोणता डोळा मिटू?”

“कोणताही मिटू नकोस.”

मी बघितलं. उजेड स्वच्छ होता, सकाळचे दहा वाजले असतील. दोरा मरूनच्या किंचित मागे होता. अगदी किंचित. मला भीती वाटत होती, आणि मला ते दिसतही होतं. पाठीमागे पावलं ऐकू आली. मामा खिडकीपासून दूर जात होते. मी वळून बघितलं. एकेचाळीस वर्षांत ज्या माणसाने पुडीचा चमचा हातात धरला नव्हता तो माझ्या कोठारात जाऊन माझ्या तराजूसमोर उभा होता. लाल डब्याचं झाकण त्यांनी काढलं होतं.

“सांग,” ते मान न वळवता म्हणाले. “लाल, किती?”